कापूसतळणीचं स्टेशन

अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जी तालुक्यात कापूसतळणी हे गाव आहे. शंभराहून अधिक वर्षं या गावाला रेल्वे स्टेशन होतं. मूर्तिजापूरहून निघालेली छोटी गाडी लाखपुरी, बनोसा, लेहेगाव घेत इथे यायची आणि पुढे अंजनगाव, पथ्रोट करत अचलपूरला टेकायची. जुन्या सरकारी कागदांत तिचं नाव एलिचपूर–यवतमाळ रेल्वे. वऱ्हाडातल्या माणसांच्या तोंडी ती ‘शकुंतला’. आज या मार्गावर गाडी नाही. रुळांत गवत आणि बाभळी माजल्या आहेत.

बोरीबंदरच्या इमारतीबद्दल भरपूर लिहिलं गेलं आहे आणि ते रास्तच आहे. पण वऱ्हाडातल्या कापसाच्या ज्या गाठी मुंबईला श्रीमंत करत होत्या, त्यांचा प्रवास लेहेगाव, कापूसतळणी, पोहे, तपोना अशा स्टेशनांच्या टापूतून सुरू व्हायचा. या स्टेशनांचा इतिहास सांगायचा तर आधी कापसाचा सांगावा लागतो, कारण स्टेशनं त्याच्यासाठीच उभी राहिली.

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा पसरलेला आहे. विहीर खणली तर पाणी खारट लागतं, म्हणून बागायत बेताची. जमीन मात्र खोल, काळी आणि ओल धरून ठेवणारी. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याकडे सरकावं तसं पाणी गोड होत जातं आणि अंजनगावाजवळ पानमळे, पानपिंपळी, केळी दिसू लागतात. बाकी सगळीकडे पऱ्हाटी, म्हणजे कापूस. दिवाळीच्या आसपास शेतात सीतादहीची पूजा करून पहिला वेचा सुरू होतो. मग फाल्गुन-चैत्रापर्यंत गावाच्या वाटांवर कापसाने भरलेल्या बैलबंड्या दिसतात.

पीक घ्यायला जी माती उत्तम, तीच रस्त्याला वाईट. पावसाळ्यात ती फुगते आणि बंडीची चाकं आसापर्यंत रुततात. उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात. रेल्वेच्या आधी इथला कापूस बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून गंगेकाठच्या मिर्झापूरला जायचा. अंतर सुमारे पाचशे मैल. वाटेत धूळ बसायची, वळवाचा पाऊस गाठायचा, कापूस काळवंडायचा. मुंबईची वाट १८२५-२६ च्या सुमारास पेस्तनजी-विकाजी या पारशी पेढीने उघडली. तोही प्रवास बैलांच्याच पाठीवरून होता.

चित्र पालटलं ते १८६० नंतर. अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाचे भाव कडाडले. नेमक्या त्याच वर्षांत जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ भुसावळहून पूर्वेकडे सरकत होते. अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा मागे टाकत १८६७ मध्ये गाडी नागपूरला पोचली. खामगाव आणि अमरावती ही कापसाची मोठी पेठ असलेली गावं मुख्य मार्गापासून थोडी आत राहिली होती, म्हणून त्यांच्यासाठी खास फाटे काढले गेले. खामगावच्या फाट्याच्या उद्घाटनाला १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. एका कापूसबाजाराच्या फाट्यासाठी व्हाइसरॉय येतो, यावरून त्या पांढऱ्या सोन्याची किंमत कळते.

मागे राहिली ती आतली गावं. दर्यापूर, अंजनगाव, एलिचपूर म्हणजे आजचं अचलपूर, आणि दक्षिणेला कारंजा, दारव्हा, यवतमाळ. ही गावं व्यापारात कुठेही कमी नव्हती. कारंजाचंच बघा. तेव्हा वऱ्हाडाचा कारभार पाहणाऱ्या हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमाने १८८६ मध्ये तिथला कापूसबाजार नियमनाखाली आला. कृषी पणनाच्या पाठ्यपुस्तकांत देशातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याची नोंद असते. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला. म्हणजे वजन कसं करावं, अडत किती घ्यावी याचे नियम कारंजात आले आणि त्यानंतर पंचवीसेक वर्षांनी आगगाडी आली. तोवर कारंजाचा कापूस मूर्तिजापूरपर्यंत बंडीनेच जात राहिला.

ही उणीव भरून काढायला सरकारने स्वतः पैसा घातला नाही. फाट्यांची रेल्वे खासगी भांडवलाने बांधावी, असं धोरण होतं. सरकार जमीन फुकट द्यायचं आणि भांडवलावर किमान परताव्याची हमी घ्यायचं. गाड्या चालवण्याचं काम शेजारची मोठी रेल्वे करायची आणि उत्पन्नातला वाटा फाट्याच्या कंपनीला मिळायचा. भांडवलदाराला फारसा धोका नव्हता. मुंबईतल्या किलिक निक्सन या १८५७ साली सुरू झालेल्या पेढीने अशा अनेक फाट्यांची व्यवस्था पाहिली. १९१० मध्ये तिच्याच व्यवस्थापनाखाली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी स्थापन झाली. वऱ्हाड १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला होता, म्हणून हे नाव.

पुढच्या काही वर्षांत, १९१३ ते १९१७ च्या दरम्यान, रूळ पडले. मूर्तिजापूर मध्यावर ठेवून एक शाखा उत्तरेला अचलपूरकडे गेली, सुमारे ७६ किलोमीटर. दुसरी दक्षिणेला कारंजा, दारव्ह्यावरून यवतमाळकडे गेली, ११३ किलोमीटर. वर्धा जिल्ह्यात पुलगाव ते आर्वी हा सुमारे ३५ किलोमीटरचा तुकडा वेगळा. रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. मुख्य मार्गावरचं अंतर १६७६ मिलिमीटर, दुपटीहून जास्त. अरुंद मार्गाला हलके रूळ चालतात, भराव कमी लागतो, पूल लहान लागतात. जिथे माती फुगते आणि खचते, तिथे जड रेल्वे बांधायची तर पाया खोल घ्यावा लागला असता. कंपनीने हलकी रेल्वे बांधली. या निवडीची किंमत पुढे शंभर वर्षं वेगात मोजावी लागली.

या मार्गावरची लहान स्टेशनं एका साच्यातली. एक लांबट, दगड-विटांची खोली, पुढे पडवी, उतरतं छप्पर. भिंतीत कमानीची छोटी खिडकी, तिच्यातून तिकीट. फलाट म्हणजे जमिनीच्याच पातळीवर दाबून घेतलेली माती, कारण छोट्या डब्याची पायरी खाली असते आणि पाय उचलून चढता येतं. बाहेर एखादं कडुनिंबाचं झाड. गावाचं नाव आणि समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली पाटी. कापसाच्या पेठा असलेल्या स्टेशनांवर याच्या जोडीला मालधक्का आणि बाजूचा रूळ असायचा. डबे तिथे उभे करून ठेवायचे आणि गाठी भरून झाल्या की येणाऱ्या गाडीला जोडायचे.

कापूसतळणीसारख्या गावातल्या शेतकऱ्याचा कापूस आधी बंडीने अंजनगाव किंवा दर्यापूरच्या बाजारात जायचा. दर्यापूरचं स्टेशन ते बनोसा. बाजारात हर्रास होऊन भाव ठरायचा. जीनमध्ये रुई वेगळी आणि सरकी वेगळी व्हायची. सरकी बैलांना आणि घाण्याला. रुई प्रेसमध्ये जायची आणि लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली गाठ बाहेर पडायची. त्या काळच्या प्रमाण गाठीचं निव्वळ वजन ३९२ पौंड, म्हणजे पावणेदोनशे किलोच्या वर. ती गाठ छोट्या डब्यात चढवायची, मूर्तिजापूरला उतरवायची आणि पुन्हा मोठ्या डब्यात चढवायची. दोन मापांच्या रेल्वे जिथे भेटतात तिथे डबा पुढे जाऊ शकत नाही, मालच हलवावा लागतो. मूर्तिजापूरच्या हमालांचा घाम या साध्या गणितातून आला होता. तिथून गाठ मुंबईला जायची, आधी कुलाब्याच्या कॉटन ग्रीनवर आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापासून शिवडीला. वऱ्हाडचा आखूड धाग्याचा कापूस तेव्हा लँकेशायरपेक्षा जपानच्या गिरण्यांना अधिक हवा होता. ओसाकात सूत होणारा धागा पूर्णाकाठच्या मातीतून निघालेला असायचा.

या सगळ्या आखणीत प्रवासी दुय्यम होता. गाठींच्या डब्यांना जोडून माणसांचे डबे जायचे. तरीही गाडी सुरू झाली तशी माणसांनी ती आपली करून घेतली. कारंजाला नृसिंह सरस्वतींच्या जन्मस्थानी जाणारे दत्तभक्त, तिथल्याच जैन मंदिरांना येणारे यात्रेकरू, परतवाड्याच्या बाजाराला निघालेले सातपुड्याच्या पायथ्याचे लोक, लेकीला माहेरी आणणारे बाप. गाडगेबाबांचा मुलूखही हाच. त्यांचा जन्म १८७६ साली अंजनगावजवळच्या शेंडगावचा, लहानपण मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाच्या घरी गेलं, आणि मूर्तिजापुरात त्यांच्या नावाचं गोरक्षण आजही आहे. जन्मगाव आणि मामाचं गाव, दोन्ही शकुंतलेच्या अचलपूर शाखेच्या टापूतली.

दारव्ह्याहून आणखी एक फाटा निघाला होता, पुसदकडे. तो १९३० च्या दशकात सुरू झाला. दुसरं महायुद्ध पेटल्यावर लोखंडाची गरज लागली आणि हे रूळ उखडून नेण्यात आले. पुसदला रेल्वे मिळाली आणि जेमतेम एका दशकात गेलीही. युद्ध संपल्यावर ते रूळ परत आले नाहीत. लहान मार्गांच्या इतिहासात ही गोष्ट एखाद्या ओळीत उरकली जाते. पण पुसदच्या माणसाला तिचा अर्थ असा होता की, ज्या गावाने गाडीची शिट्टी ऐकली होती, त्याला पुढची ऐंशी वर्षं यवतमाळ किंवा अकोल्यापर्यंत रस्त्यानेच जावं लागलं.

स्वातंत्र्यानंतर या मार्गाचं एक वेगळंच होऊन बसलं. जीआयपी रेल्वे १९२५ मध्येच सरकारने हाती घेतली होती आणि १९५१ मध्ये ती मध्य रेल्वेत सामावली. आपल्याकडची दुसरी प्रसिद्ध छोटी रेल्वे, कुर्डुवाडीची बार्शी लाइट, सरकारने १९५४ मध्ये विकत घेतली. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचा मार्ग मात्र कंपनीकडेच राहिला. गाडी मध्य रेल्वेची, माणसं मध्य रेल्वेची, मार्ग कंपनीचा, आणि उत्पन्नातला वाटा कंपनीला. करार मुदतीने वाढवत नेला जायचा.

या मार्गासाठी भारत अजून इंग्लंडला पैसे मोजतो, असं वर्तमानपत्रांनी वर्षानुवर्षं छापलं. ते वाचायला चटकदार आहे, पण त्याने खरी अडचण झाकली जाते. किलिक निक्सन ही मुळात मुंबईची पेढी आणि स्वातंत्र्यानंतर ती भारतीय मालकांच्याच हाती आली होती. पैसे कुठे जात होते यापेक्षा पैसे कुठे जात नव्हते हा प्रश्न महत्त्वाचा होता. मालक एक आणि चालवणारा दुसरा, अशा मार्गावर नवे रूळ, नवे स्लीपर, नवी खडी कुणी घालायची? रेल्वेने दुसऱ्याच्या मालमत्तेत पैसा का ओतावा, आणि कंपनीने घटत्या उत्पन्नाच्या मार्गात तो का घालावा? दोघांचीही बाजू हिशेबाला धरून होती आणि त्यात नुकसान कापूसतळणीच्या प्रवाशाचं झालं. काळ्या मातीत भराव बसत गेला, रूळ वाकडे होत गेले आणि वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास अडकला. अचलपूरला पोचायला चारेक तास लागायचे.

कापूस त्याआधीच निघून गेला होता. १९४८ मध्ये एसटी सुरू झाली आणि दोन-तीन दशकांत डांबरी रस्ते तालुक्यांपर्यंत पोचले. त्या रस्त्यांवरून ट्रक शेताच्या बांधापर्यंत येऊ लागला. मूर्तिजापूरला गाठ उतरवा आणि पुन्हा चढवा, हा खटाटोप ट्रकला नव्हता. १९७२ मध्ये वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना राज्याने कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली. नाईक पुसदजवळच्या गहुलीचे, रूळ गमावलेल्या त्याच मुलखातले. आता शेतकरी पणन महासंघाच्या खरेदी केंद्रावर बंडी उभी करायचा, नंबर लागेपर्यंत रात्री तिथेच काढायचा, आणि पुढची सगळी वाहतूक ट्रकने व्हायची. रेल्वेच्या मालधक्क्यांवर शेळ्या बसू लागल्या.

हा या स्टेशनांच्या आयुष्यातला सगळ्यात विलक्षण काळ, आणि त्याबद्दलच सगळ्यात कमी लिहिलं गेलं आहे. ज्या मालासाठी रेल्वे बांधली तो माल गेला, तरी गाडी आणखी चाळीसेक वर्षं धावत राहिली ती फक्त माणसांसाठी. त्यातही ज्यांना बसचं भाडं परवडत नव्हतं त्यांच्यासाठी. शकुंतलेचं तिकीट बसच्या तिकिटाच्या काही अंशात पडायचं. निंदणीला किंवा वेचणीला दुसऱ्या गावी निघालेल्या बायकांची अर्ध्या दिवसाची मजुरी बसमध्ये गेली असती, ती छोट्या गाडीमुळे हातात राहायची. वेळ जास्त लागायचा, पण ज्याच्याकडे पैसा नाही तो वेळ देऊन भागवतो.

कर्मचारी कमी होत गेले तशी स्टेशनांची कामं गाडीवर चढली. तिकीट खिडक्या बंद पडल्या आणि गार्डच पिशवीतून तिकिटं देऊ लागला. एका शाखेवर एकच गाडी, समोरून दुसरी येण्याचा प्रश्न नाही, त्यामुळे सिग्नलला करण्यासारखं काही उरलं नाही. फाटकांवर गेटमन नव्हते. रस्ता आला की गाडी अलीकडे थांबायची. एक माणूस खाली उतरून चालत पुढे जायचा, दोन्ही बाजूंची फाटकं ओढून घ्यायचा, हात करायचा. गाडी हळूहळू रस्ता ओलांडून पलीकडे पुन्हा थांबायची. तो फाटकं उघडून, थांबलेल्या मोटारसायकलींना वाट देऊन, मागच्या डब्यात चढायचा आणि मग गाडी निघायची. पुढच्या रस्त्यावर पुन्हा हेच. इंजिन काढणं, जोडणं, तिकीट देणं, फाटक लावणं ही सगळी कामं सहा-सात माणसं मिळून करायची. मंद गाडी म्हणून शकुंतलेची थट्टा खूप झाली. इतक्या थोड्या हातांनी इतका लांब मार्ग रोज चालता ठेवणाऱ्या त्या माणसांचं कौतुक मात्र झालं नाही, आणि ते व्हायला हवं होतं.

शकुंतलेच्या इंजिनाची कहाणी लोकांना जास्त माहीत आहे. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेलं झेडडी वर्गाचं वाफेचं इंजिन १९२३ पासून या मार्गावर होतं. १५ एप्रिल १९९४ ला ते निवृत्त झालं आणि डिझेल आलं. सत्तरहून अधिक वर्षं एका इंजिनाने एकाच मुलखात काढावीत, हे त्याला जपणाऱ्या फिटरांचं कर्तृत्व. बाजारात न मिळणारा सुटा भाग अशा वेळी कार्यशाळेतच घडवावा लागतो.

२०१० नंतरच्या दशकात आधी यवतमाळची गाडी थांबली, मग अचलपूरची. कारण दोन्हीकडे तेच, मार्ग गाडी चालवण्याच्या स्थितीत उरला नव्हता. २०१६ मध्ये हा मार्ग ब्रॉडगेज करण्याची घोषणा झाली आणि १५०० कोटींचा आकडा सांगितला गेला. अचलपूर, अंजनगाव, दर्यापूर भागात शकुंतला पुन्हा सुरू करा म्हणून लोक रस्त्यावर उतरले, निवेदनं दिली, उपोषणाला बसले. त्यांचं म्हणणं साधं आहे: गाडी रुंद असो की अरुंद, ती यावी.

दरम्यान यवतमाळसाठी नवीनच मार्ग आकाराला येतो आहे. वर्धा–यवतमाळ–नांदेड या ब्रॉडगेज मार्गावर वर्ध्याहून कळंबपर्यंतची गाडी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. हा मार्ग पुढे दिग्रस, पुसदवरून जाणार आहे, म्हणजे महायुद्धात रूळ गमावलेल्या गावाला पुन्हा स्टेशन मिळेल. कापूसतळणी या मार्गापासून दूर, पूर्णेच्या खोऱ्यात. तिला गाडी मिळायची तर ती मूर्तिजापूर–अचलपूर या जुन्याच वाटेने मिळेल.

ती वाट रुंद होईल तेव्हा छोटे रूळ उचलले जातील, एका खोलीची स्टेशनं पाडली जातील आणि पिवळ्या पाट्या भंगारात जातील. कुर्डुवाडी–लातूर मार्ग रुंद झाला तेव्हा जुन्या बार्शी लाइटच्या कितीतरी खुणा अशाच पुसल्या गेल्या. वऱ्हाडात अजून वेळ आहे. लाखपुरीपासून पथ्रोटपर्यंतच्या प्रत्येक इमारतीचं मोजमाप घ्यायला, छायाचित्रं काढायला, ज्यांनी फाटकं ओढली आणि स्लीपर बदलले अशा निवृत्त गँगमन-गार्डांचं बोलणं ध्वनिमुद्रित करायला एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला एक हिवाळा पुरेल. मालधक्क्यावर रात्री गाठी भरणारे हमाल आता ऐंशीच्या घरात आहेत, त्यामुळे सुरुवात त्यांच्यापासून करावी.